मिरांडाची वंशावळ

बंगळुरूला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, पूर्वेकडच्या गॅलरीत, एक घटपर्णी टांगलेली आहे. तिला तिथे येऊन अकरा वर्षे झाली. घटपर्णीचे पान टोकाशी संपत नाही. मधली शीर पानाबाहेर निघून दोऱ्यासारखी खाली लोंबत जाते आणि तिच्या टोकाला आधी तांदळाच्या दाण्याएवढा, मग वालाच्या शेंगेएवढा फुगवटा दिसू लागतो. काही आठवड्यांत त्याची वीतभर सुरई होते. हिरव्या अंगावर तांबडे शिंतोडे, तोंडाला चुण्या घालून दुमडावा तसा तांबूस काठ, आणि वर झाकण. झाकण उघडण्याआधीच आत थोडा स्वच्छ द्रव तयार असतो. तो पावसाचा नव्हे, झाडाचा स्वतःचा. काठावरच्या गोडव्याला भुलून मुंगी येते, ओल्या काठावरून तिचा पाय घसरतो आणि ती परत वर येत नाही.

आई या झाडाला कमंडलू म्हणते. इमारतीतली मुले मेलेल्या माश्या घेऊन येतात आणि 'त्याला जेवायला घालू का?' असे विचारतात. नर्सरीतून आणले तेव्हा कुंडीत खोचलेल्या पट्टीवर दोनच शब्द होते: 'मिरांडा, संकरित'. आपल्याकडे सोयरीक जुळवताना मुलाचे घराणे, मुलीचे आजोळ, सगळे विचारून घेतात. झाडाच्या बाबतीत मात्र 'संकरित' एवढे वाचून आपण थांबतो. मीही बरीच वर्षे थांबले होते. नंतर दुसरे एक झाड माझ्या हातून मेले आणि या घराण्याची चौकशी करणे मला भाग पडले. त्या झाडाची हकिगत पुढे सांगते. आधी मिरांडाचे कूळ.

घटपर्णीची युरोपीय भाषेतली पहिली नोंद मादागास्करची आहे. तिथला फ्रेंच गव्हर्नर एतिएन द फ्लाकूर याने १६५८ साली त्या बेटाचा इतिहास प्रसिद्ध केला. झाकण असलेल्या, लहानशा सुरईसारख्या एका पोकळ फुलाचे वर्णन त्यात आहे. ते फूल नसून पानाचेच टोक आहे, हे त्याला उमगले नव्हते. तिथले लोक हे फूल तोडायला कचरतात, कारण जाता-येता कोणी ते तोडले तर त्या दिवशी पाऊस पडतो अशी त्यांची समजूत आहे, असे तो लिहितो. आणि लगेच सांगतो, की मी आणि माझ्याबरोबरच्या फ्रेंच मंडळींनी ती तोडली, पाऊस काही पडला नाही. घटपर्णीच्या पुढच्या अडीचशे वर्षांच्या इतिहासात ही दोन माणसे मला पुन्हापुन्हा भेटतात: न तोडणारा, आणि तोडून पाहणारा.

पुढे १६७७ मध्ये डेन्मार्कचा वैद्य टोमास बार्टोलिन याने सिलोनहून आलेल्या घटपर्णीबद्दल लिहिले. सिंहली लोक तिला 'बांदुरा' म्हणत. बार्टोलिनने लॅटिनमध्ये नाव दिले 'मिरांडा हर्बा', म्हणजे जिचे नवल करावे अशी वनस्पती. माझ्या कुंडीतल्या पट्टीवरचा शब्द हाच. १७३७ मध्ये लिनियसने तिला 'नेपेन्थीस' हे नाव दिले. होमरच्या महाकाव्यात हेलन पाहुण्यांच्या मद्यात एक औषधी मिसळते. ती प्याल्यावर माणूस दुःख विसरतो. त्या औषधीचे हे नाव. एवढी अद्भुत वनस्पती पाहून कोणता वनस्पतिशास्त्रज्ञ आपले श्रम विसरणार नाही, असा लिनियसचा विचार होता.

आपल्या 'घटपर्णी' या शब्दाचे घडणे वेगळे. तो संस्कृतावरून बेतलेला, पुस्तकी शब्द आहे. महाराष्ट्रात ही वनस्पती रानात उगवत नाही, म्हणून बोलीत तिला नाव पडले नाही. सातारच्या कास पठारावर मात्र पावसाळ्यात एक इवलीशी, निळ्या-जांभळ्या फुलांची कीटकभक्षी वनस्पती गालिचासारखी पसरते. तिला लोक 'सीतेची आसवं' म्हणतात. जे अंगणापर्यंत येते त्याला माणूस आपल्या गोष्टीतले नाव देतो. घटपर्णी आमच्याकडे आली ती पुस्तकातून, आणि नंतर दुकानातून.

दुकानात येण्याची सुरुवात लंडनमध्ये झाली. १८२९ च्या सुमारास नॅथानियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने एक पतंगाचा कोष बंद बाटलीतल्या ओल्या मातीत ठेवला होता. कोषाचे राहिले बाजूला. मातीतून नेच्याचे रोप उगवले आणि वरून पाणी न घालता जगत राहिले. यावरून काचेच्या बंद पेट्या निघाल्या. जहाजाच्या डेकवर खारे वारे आणि महिनोन्महिन्यांचा प्रवास यांत मरणारी रोपे आता जिवंत पोचू लागली. चीनमधून भारतात चहाची रोपे आली ती अशाच पेट्यांतून. आणि बोर्निओ, सुमात्रा, मलाया इथल्या घटपर्णी युरोपात गेल्या, त्याही.

त्या विकणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव होते व्हीच घराण्याच्या रोपवाटिकेचे, आधी एक्सटरला आणि मग लंडनच्या चेल्सी भागात. या घराण्याने जगभर माणसे पाठवली. कोळशाच्या भट्ट्यांनी तापवलेली काचगृहे, वाफेने ओली केलेली हवा आणि रांगेने टांगलेल्या घटपर्णी पाहायला श्रीमंत गिऱ्हाइके येत. त्यांना दर हंगामात नवे काहीतरी हवे असे. दर वेळी ते बेटांवरून आणणे खर्चाचे होते, म्हणून व्हीच यांच्या माळ्यांनी ते घरीच घडवायला घेतले. जॉन डॉमिनी या माळ्याने त्याआधी ऑर्किडचा पहिला कृत्रिम संकर फुलवला होता. १८६२ मध्ये त्याच्याच हातचा घटपर्णीचा पहिला संकर लोकांसमोर आला.

हे काम वाटते तेवढे सोपे नव्हते. घटपर्णीत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. दोघांना एकाच वेळी फुले यावी लागतात. मग नर फुलांचे पराग मादी फुलांच्या कुक्षीवर टेकवायचे. शेंगा पिकून फुटल्या की आतून केसासारखे बारीक बी निघते. ते ओल्या शेवाळावर पेरले तर काही आठवड्यांनी हिरवे ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांचे दाखवण्याजोगे झाड व्हायला वर्षे जातात. शेकडो रोपांतून एखादेच निवडायचे, बाकीची टाकायची. निवडलेले झाड बीपासून पुन्हा तसेच येत नाही, म्हणून पुढची सगळी रोपे त्याच्या फांदीच्या कलमांनीच करावी लागतात. माझी मिरांडा आणि तिच्या नावाची जगातली इतर झाडे ही एकाच झाडाची अशी तुकड्यातुकड्याने वाढत आलेली शरीरे आहेत.

मिरांडाचे घराणे एका चित्रापासून सुरू होते. मॅरिअन नॉर्थ ही इंग्रज चित्रकार जगभर एकटीने हिंडत, जागच्या जागी तैलरंगात झाडे रंगवत असे. १८७७ च्या अखेरीस ती भारतातही आली आणि इथे वर्षाहून अधिक काळ चित्रे काढत फिरली. त्याच्या आदल्या वर्षी ती सारावाकमध्ये होती. तिथे हर्बर्ट एव्हरेट याने रानातून एका प्रचंड घटपर्णीचे नमुने तिच्यासाठी आणले. तिने ते रंगवले. लंडनला ते चित्र हॅरी व्हीच यांनी पाहिले आणि ओळखले, की ही जात शास्त्राला ठाऊक नाही. त्यांनी चार्ल्स कर्टिस या आपल्या संग्राहकाला सारावाकला धाडले. शोधून थकलेला कर्टिस एका कड्याच्या टोकाशी आडवा झाला, खाली डोकावला आणि त्याला ती दिसली, अशी कथा सांगतात. १८८१ मध्ये जोसेफ हूकर यांनी चित्रकाराच्या नावावरून तिला 'नॉर्थियाना' म्हटले. बाऊ परिसरातल्या चुनखडीच्या कड्यांबाहेर ती कुठे उगवत नाही.

या नॉर्थियानाचा संकर व्हीच यांच्याकडे 'माक्सिमा' या जातीशी झाला. माक्सिमा सुलावेसी, मालुकू आणि न्यू गिनीची. त्या वेळी तिला कर्टिसच्या नावाने ओळखत. १८९३ मध्ये या जोडीची संतती 'मिक्स्टा' नावाने जाहीर झाली. मिक्स्टाचा पुन्हा माक्सिमाशी संकर होऊन मिरांडा झाली, असे मानले जाते. म्हणजे माझ्या गॅलरीत जिचा वंश लोंबतो आहे, त्या दोन जाती रानात कधी भेटल्याच नसत्या. त्यांच्यामध्ये समुद्र होता. त्यांची गाठ लंडनमधल्या कोळशाच्या उबेत, एका माळ्याच्या हातून पडली.

हा काळ घटपर्णीच्या शास्त्राचाही आहे. १८७४ मध्ये बेलफास्टला शास्त्रज्ञांच्या सभेत हूकर यांनी मांसाहारी वनस्पतींवर भाषण केले. घटांमध्ये त्यांनी अंड्याचा पांढरा भाग, मांस, कूर्चा यांचे तुकडे टाकून पाहिले होते. झाडाने ते पचवले. पुढच्याच वर्षी डार्विनचे कीटकभक्षी वनस्पतींवरचे पुस्तक आले. नायट्रोजनाची वानवा असलेल्या निकस जमिनीत उगवणारे हे झाड, मुळांना जे मिळत नाही ते पानांनी पकडते. आमच्या घरात हा धडा थोडा उशिरा शिकलो. झाड 'सुकट' दिसते म्हणून आईने प्रेमाने दोन मुठी गांडूळखत कुंडीत घातले. पंधरा दिवसांत पानांच्या कडा जळाल्या. तेव्हापासून कुंडीत फक्त स्फॅग्नम शेवाळ, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि पर्लाइट. बंगळुरूचे बोअरचे पाणी जड, त्यातले क्षार मुळांना सोसत नाहीत. म्हणून पावसाचे साठवलेले पाणी, ते संपले की आरओचे. मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी पडते आणि सुरईची टोके काळी पडून गळतात. जूनमध्ये पुन्हा धरतात.

आता त्या दुसऱ्या झाडाची हकिगत.

भारतात नैसर्गिकरीत्या वाढणारी घटपर्णीची एकच जात आहे. ती मेघालयात खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांत सापडते. हूकर आणि त्यांचे मित्र थॉमस थॉमसन १८५० मध्ये या टेकड्यांत हिंडले होते. १८७३ मध्ये हूकर यांनीच या जातीला 'खासियाना' हे नाव दिले. पण नाव मिळण्यापूर्वीच ती युरोपच्या काचगृहांत पोचली होती आणि तिथे ती सिलोनच्या घटपर्णीच्या नावाने खपत होती. पट्टीच चुकीची. १८८१ च्या सुमारास व्हीच यांच्याकडे 'मास्टर्सियाना' नावाचा तांबडा, अतिशय गाजलेला संकर झाला. त्याची एक बाजू मलायाची, दुसरी सिलोनची असे लिहिले गेले. ती दुसरी बाजू खरे तर खासी टेकड्यांतली, असे आज मानतात. लंडनच्या एका बागकाम-साप्ताहिकाच्या संपादकाचे नाव त्या संकराला मिळाले. ज्या डोंगरातून त्याचा अर्धा वंश आला, त्या डोंगराचे नाव पट्टीवर नव्हते.

हे वाचून मला खासियानाचा लोभ सुटला. मला वाटले, आपल्या देशाची घटपर्णी आपल्या घरी नको का? ओळखीतल्या ओळखीत एक विक्रेता सापडला. 'बीपासून वाढवलेली' असे तो म्हणाला. मी खोलात गेले नाही. आठवड्याने पार्सल आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दीड हात लांबीचे खोड, बुंध्याशी बोटाएवढे जाड आणि लाकडी. मुळे कोयत्याने तोडल्यासारखी. त्यांना तांबडी, चिकट माती लागलेली होती आणि मातीत दुसऱ्याच कुठल्या गवताचे ठोंब अडकलेले. नर्सरीच्या कुंडीत असे गवत नसते. हे झाड कोणीतरी डोंगराच्या कुशीतून उपटले होते, हे पाहता क्षणी कळले. तरी मी ते लावले. परत कुठे पाठवणार, असे स्वतःला समजावले. पहिल्या महिन्यात घट वाळले, दुसऱ्यात पाने, तिसऱ्यात खोड आतून काळे निघाले.

खासियानाला वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. धोक्यातल्या वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत घटपर्णीच्या दोनच जाती आहेत: बोर्निओची 'राजा' आणि आपली खासियाना. हे मला झाड मेल्यावर कळले, असे म्हणणे सोयीचे झाले असते. पण थोडेफार आधीच ठाऊक होते.

त्यानंतर मी हूकर यांचे हिमालयातल्या प्रवासाचे पुस्तक काढून खासी टेकड्यांचा भाग वाचला. तिथे निळ्या व्हँडा ऑर्किडची हकिगत आहे. क्यूच्या राजोद्यानासाठी त्यांनी सात माणसांच्या पाठीवरची ओझी भरून ही झाडे गोळा केली. इंग्लंडला जिवंत पोचली ती थोडी. त्यांच्याबरोबर जागा पाहून घ्यायला आलेल्या एका माळ्याच्या मालकाने एका माणसाचे ओझे पाठवले. तेही वाईट अवस्थेत पोचले आणि तरी ३०० पौंडांना विकले गेले. हूकर यांची विद्वत्ता मोठी, निरीक्षण प्रामाणिक. मेलेल्या झाडांची नोंदही त्यांनी लपवली नाही. पण ओझ्यांचा आकडा आहे, पौंडांचा आकडा आहे. ओझी वाहणाऱ्या सात जणांची नावे नाहीत. माझ्या पार्सलमागेही कोणीतरी कोयता घेऊन चढण चढला असणार. त्याला त्याचे किती मिळाले, हे मी विचारले नव्हते.

दोन वर्षांनी मी मेघालयात गेले. शिलाँगहून जोवाई, तिथून पुढे जरैन. रस्त्याच्या कडेला, उतारावरच्या गवतात आणि नेच्यांच्या गर्दीत ती उभी होती. फिकट हिरवे घट, कुठे तांबूस छटा, कित्येक पाने किड्यांनी कुरतडलेली. माझ्या कल्पनेपेक्षा साधी. बरोबरच्या ड्रायव्हरने खासी नाव सांगितले: 'तिएव-राकोत', राक्षसफूल. गारो भाषेत तिला 'मेमांग-कोक्सी' म्हणतात, भुताची टोपली. मिटलेल्या घटातला द्रव डोळ्यांच्या दुखण्यावर वापरण्याची रीत इथे जुनी आहे. गारो टेकड्यांत बाघमारा इथे तिच्यासाठी अभयारण्यही आहे. पण उतारांवर कोळशाच्या खाणी येतात, रस्ते रुंद होतात, आणि माझ्यासारख्यांच्या पत्त्यावर पार्सले निघतात. मी एकही पान न तोडता परत आले. त्यात शौर्य काही नव्हते. एक झाड मारून झाल्यावरचे शहाणपण होते ते.

व्हीच यांची चेल्सीची रोपवाटिका १९१४ मध्ये बंद झाली. घराण्यात पुढे चालवणारे कोणी नव्हते. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. काचगृहे तापवायला माणसे आणि कोळसा मिळेना. त्या काळातले कितीतरी संकर नाहीसे झाले आणि नुसती नावे उरली. जे टिकले ते कोणीतरी वेळेवर फांदी कापून दुसऱ्याला दिली म्हणून. आज प्रयोगशाळेत बाटल्यांमधून हजारो रोपे तयार होतात आणि मिरांडासारखे झाड चार-सहाशे रुपयांना मिळते. ज्याला घटपर्णीची हौस आहे त्याने संकर घ्यावा, असे मी आता सर्वांना सांगते. तो आपल्या हवेला सोसतो, बरेच सहन करतो, आणि त्याच्यासाठी कोणी डोंगर चढत नाही. पण त्याच्या पूर्वजांसाठी चढले होते, आणि त्याच्यामुळे लागलेली गोडी उद्या कोणाला पुन्हा डोंगराकडे नेऊ शकते, जशी मला घेऊन गेली. म्हणून झाडाबरोबर ही गोष्टही द्यावी, असे मला वाटते.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी मिरांडाची लांबलेली फांदी कापली. दोन-दोन पेरांचे पाच तुकडे झाले. ते ओल्या शेवाळात, झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवले. वॉर्डची पेटी म्हणजे याहून वेगळे काही नव्हते. शेजारची सहा वर्षांची मुलगी पाहत उभी होती. तिने एका सुरईला हात लावला. तोडलं तर पाऊस पडतो म्हणतात, असे मी तिला माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितले. ती विचारात पडली. 'मग तोडू या की,' म्हणाली, 'आमच्याकडे रोज टँकर येतो.' आई खुर्चीतून मोठ्याने हसली. मुलीने थोडा वेळ वाट पाहिली आणि हात मागे घेतला.

दोन महिन्यांनी पाचांपैकी तीन तुकडे फुटले. एक त्या मुलीला देणार आहे, दोन मैत्रिणींना. पट्ट्या लिहून ठेवल्या आहेत. 'मिरांडा, संकरित' याच्या खाली बारीक अक्षरात: नॉर्थियाना, बाऊ, सारावाक, माक्सिमा, सुलावेसी ते न्यू गिनी, मिक्स्टा, चेल्सी, १८९३. चौथी पट्टी कोणाला द्यायची नाही. ती गॅलरीच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या कुंडीत खोचली आहे. त्या कुंडीत अजून थोडी तांबडी माती आहे. पट्टीवर लिहिले आहे: खासियाना, जैंतिया किंवा खासी किंवा गारो टेकड्या. कोणत्या, ते विचारायचे राहिले.